अक्का समोर बसली होती

ट्रेसर म्हणजे कोण, हे आमच्या सूनबाईंना मला दोनदा समजावून सांगावं लागलं. मृण्मयी पुण्याची, कॉम्प्युटरमधली. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आई, तुम्ही झेरॉक्स मशीन होता का?" माझ्या नाकावर राग असतोच, तो तेव्हा चांगलाच चढला. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. पण पोरीचं तसं काही चुकलं नव्हतं.

आमच्या इथल्या, कानडी मुलखातल्या मराठी मंडळाच्या संपादकबाईंनी यंदाच्या अंकासाठी विषय दिलाय, "निवृत्तीनंतर तुम्ही चित्रकार कशा झालात." त्यांना काहीतरी उत्साहाचं हवं असणार. माझ्याकडे जे आहे ते देते, छापायचं की नाही ते त्यांनी बघावं.

पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर म्हणून लागले. आम्ही सात बायका एका ओळीत उंच स्टुलांवर बसायचो. ड्राफ्ट्समन पेन्सिलीनं यंत्राच्या भागाचं चित्र काढायचा. त्याच्यावर आम्ही ट्रेसिंगचं निळसर, आरपार दिसणारं कापड ताणून बसवायचं, शाई धरावी म्हणून खडूची पूड चोळायची, आणि खालची रेघ न रेघ शाईनं वर उतरवायची. त्या कापडावरून निळ्या प्रती निघायच्या आणि मग कारखान्यात त्यांबरहुकूम लोखंड कापलं जायचं. आधी वळणं काढायची, सरळ रेघा नंतर. वळणाला सरळ रेघ जोडता येते, उलटं करायला गेलं की हात फसतो. चुकलंच तर दाढीच्या ब्लेडनं शाई हलकेच खरवडायची आणि ती जागा नखानं घासून गुळगुळीत करायची. माझं खरवडलेलं कुणाला ओळखू यायचं नाही. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी आजही ताठ मानेनं सांगेन.

एकदा एका झाकणाच्या ड्रॉइंगमध्ये भोक डाव्या बाजूला होतं आणि त्याच झाकणाच्या आडव्या छेदात ते उजव्या बाजूला. मला ते दिसलं. मी आमचे हेड ड्राफ्ट्समन नरसिंहय्या यांच्याकडे गेले. ते कामाच्या ढिगात बुडालेले होते. मान वर न करता कानडीत म्हणाले, "सुलोचनम्मा, ट्रेसरगे तले बेड, कै साकु." ट्रेसरला डोकं नको, हात पुरे. मी जागेवर येऊन बसले आणि ती चूक जशीच्या तशी, अतिशय सुबक उतरवली. झाकणं चुकीची निघाली, आरडाओरडा झाला. नरसिंहय्यांनी मूळ पेन्सिलीचं ड्रॉइंग मागवलं, माझं कापड त्याच्यावर ठेवून बघितलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ट्रेसिंगमध्ये चूक नाही." मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता! मूळची चूक मला आधीच दिसली होती हे मी पुन्हा कधी बोलले नाही, आणि हळूहळू मला अशा चुका दिसायच्याही बंद झाल्या.

पुढे कॉम्प्युटर आले. उंच स्टुलं गेली, आम्हा बायकांपैकी काहींना घरी पाठवलं, मला रेकॉर्ड रूममध्ये. शेवटची कितीतरी वर्षं मी स्वतःच काढलेली ट्रेसिंग्ज गुंडाळ्या करून कपाटात ठेवत होते. निवृत्त झाले तेव्हा माझ्या एकटीच्या हाताची, खाली काही न ठेवता काढलेली एकही रेघ जगात नव्हती. हे मला निरोप समारंभातल्या भाषणांच्या वेळी सुचलं.

म्हणून मी चित्रकलेच्या क्लासला गेले. शिवाजीनगरला, पुण्याच्या नव्हे, आमच्या इथल्या, बस स्टँडमागे एका दुकानाच्या माडीवर एक म्हातारे सर शनिवारी शिकवायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी समोर पितळी तांब्या ठेवला. अट अशी, की कागदाकडे बघायचं नाही, नजर तांब्यावर आणि हात चालू. सगळ्यांची वेडीवाकडी भांडी झाली, सगळे हसले. माझा कागद कोराच. माझा हात पुढे सरकेना. सर म्हणाले, "अम्मा, उधर देखो. पेपर में क्या है? कुछ नहीं है." नेमकं तेच तर मला जमेना. कागदात काही नसलं की माझ्या बोटांना बळच येत नसे.

मी पाच-सहा शनिवार गेले आणि मग सोडून दिलं. घरी मात्र मला माझी युक्ती सापडली. मृण्मयीनं वाढदिवसाला दिव्याची पाटी आणून दिली. शाळेतल्या पाटीएवढीच, तेवढीच पातळ, बटण दाबलं की आतून उजळते. तिच्यावर फोटो ठेवायचा, वर कागद. झालं! कापड, शाई, हात, सगळं परत आलं. माणसांचे चेहरे मी फोटोवरून उतरवू लागले, मग त्यात पेन्सिलीनं छाया भरायची. रोज सहा-सहा तास. इंदिरानगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून जेवणाचं टेबल हललं आणि माझं बस्तान बसलं. मंडळाच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. लोक म्हणाले, हुबेहूब! साठीनंतर एवढा हात! पाटीचं मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, असं मी स्वतःला समजावत असे.

एक गिऱ्हाईक मात्र लक्षात राहिलंय. केंपण्णा नावाचे निवृत्त बस कंडक्टर. त्यांच्या बायकोचा एकटीचा फोटो आयुष्यात कधी निघाला नव्हता. एका बारशाच्या घोळक्यात ती होती, तीही उंच नणंदेच्या खांद्याआड अर्धी झाकलेली. उरलेला अर्धा चेहरा मी काढून द्यावा, असं त्यांचं म्हणणं. ट्रेसरला यात काय अवघड? दिसणारा अर्धा भाग उतरवला, कागद उलटा केला, दुसऱ्या बाजूला तोच जोडला. नाक मधोमध, सगळं मापात. केंपण्णांनी चित्र हातात घेतलं, खूप वेळ बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "इदु अवळल्ल, अम्मा." ही ती नव्हे. तिचा तो डोळा स्वल्प लहान होता. हसताना तो आधी मिटायचा. मी त्यांना ऐकवलं, की फोटोत नाही ते मी कुठून आणू? त्यांनी माझीच समजूत घातली, कागद जपून गुंडाळला आणि नमस्कार करून गेले. भिंतीवर लावलं की नाही, ठाऊक नाही.

आता अक्काबद्दल. तारा अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं घराणं इथं किती पिढ्यांचं आहे ते आता कुणालाच सांगता येत नाही. वडील शिवाजीनगरात कपडे शिवायचे. त्यांचं मशीन अक्कानं पुढे चालवलं. लग्न करून ती त्याच गल्लीत राहिली, लवकर विधवा झाली आणि बायकांचे ब्लाऊज शिवून तिनं मोहनला वाढवलं. तिला टेप लागायची नाही. बाई दारात आली की अक्का एकदा वरपासून खालपर्यंत बघायची, "सरी, ठीक, परवा ये" म्हणायची, आणि परवा ब्लाऊज अंगाला असा बसायचा की बायका आरशासमोरून हलत नसत. मी टेबलाला खिळून असायचे, ती माणसांकडे बघत असायची. आमच्या दोघींत हा फरक लहानपणापासूनचा.

एक दिवस ती रिक्षा करून आली आणि म्हणाली, "सुली, माझं चित्र काढ. गेल्यावर लावायला."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नको."

"काहीतरी कसं? आमच्या भिंतीवर बघितलंस ना? सगळे रेशन कार्डावरचे मोठे केलेले. सासूबाईंच्या गालावर अजून सरकारचा शिक्का आहे. मला तसं लटकायचं नाही बाई. तू काढ. मी बसते समोर."

तिच्या पायांवर तेव्हाच सूज होती. हृदयाचं काही आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिच्या मनात काय होतं ते मला कळलं, आणि मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी ती खिडकीपाशी बसली, हात मांडीवर. मी कोरा कागद लावला. समोर अक्का, बहात्तर वर्षं बघत आलेला चेहरा. आणि हात तांब्याच्या दिवशीसारखाच थिजला. दहा वाजल्यापासून बारा वाजेपर्यंत मी नुसतं खोडत बसले. ती म्हणाली, "सावकाश कर की. मी उद्या येते."

त्या संध्याकाळी मी मृण्मयीला विचारलं, अक्काचा एखादा चांगला फोटो आहे का. होता. मोहनच्या मुलीच्या लग्नात मृण्मयीनंच फोनवर काढलेला. "आई, ऑफिसमध्ये मस्त प्रिंटर आहे, एकदम क्लिअर प्रिंट काढून आणते," ती म्हणाली आणि आणलाही. दुसऱ्या दिवशी अक्का समोर येऊन बसली तेव्हा माझ्या उतरत्या फळ्यावर दिव्याची पाटी होती, पाटीवर तो फोटो आणि फोटोवर कागद. तिला फळ्याची फक्त मागची बाजू दिसत होती.

"तुझ्या हनुवटीवर उजेड पडलाय गं," ती म्हणाली.

"खिडकीचा असेल," मी म्हटलं.

जवळजवळ तीन आठवडे ती रोज आली. शिवाजीनगरहून रिक्षा करून, सुजलेले पाय चपलांत कोंबून, दोन जिने चढून. बसायची आणि बोलत राहायची. वडिलांच्या दुकानाचं, आमच्या आईचं, कुणाकुणाचं. मी "हं, हं" करत होते. माझी नजर पाटीवर, तिच्या डोळ्याच्या कडेची रेघ बरोबर उतरतेय का याच्यावर. एक गोष्ट ती रंगून सांगत होती, मला पहिल्यांदा फ्रॉक शिवला तेव्हाची. मी चार वर्षांची, मापाला उभी राहीना, मग वडिलांनी तिला सांगितलं, "तूच बघ तिच्याकडे आणि सांग मला किती कापू." इथपर्यंत माझ्या कानावर आलं. पुढे तिनं किती सांगितलं, फ्रॉक बसला की नाही, वडील काय म्हणाले, ते मी ऐकलंच नाही. त्या क्षणी मी कानातल्या कुडीचे मोती उतरवत होते. त्या गोष्टीचा शेवट आता मला सांगणारं कुणी नाही.

चित्र पुरं झालं तेव्हा मी मोठ्या दिमाखात फळा तिच्याकडे वळवला. पाटी आणि फोटो आधीच काढून ठेवला होता. अक्का चष्मा लावून पुढे झाली. चेहऱ्याकडे तिनं बघितलंच नाही. तिची नजर सरळ गळ्याशी गेली.

"हा गळा बघ," ती म्हणाली. "याला पायपिंग आहे. हा लग्नातला ब्लाऊज. मीच शिवलाय. इथं मी रोज हा साधा घालून येते, सुली. वीस दिवस."

फोटोत पायपिंग होतं, म्हणून हातानं पायपिंग काढलं. समोर बसलेल्या बाईच्या अंगावर काय आहे हे मी एकदाही बघितलं नव्हतं. तले बेड, कै साकु.

अक्का रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढून डबीत घातला आणि म्हणाली, "म्हणजे मी सुम्ने आले, उगाचच. आले नसते तरी चाललं असतं." मग कठड्याला धरून एक-एक पायरी उतरत ती गेली. मी तिला रिक्षापर्यंत सोडायलाही गेले नाही.

उलट मलाच राग आला, हे कबूल केलं पाहिजे. एवढं हुबेहूब काढून दिलं, आणि हिला ब्लाऊजचं पडलंय! दोन महिने मी तिच्याकडे गेले नाही. फोन आले ते तिच्याकडूनच, तेही खुशालीचे. चित्राचा विषय तिनं काढला नाही. मी रोज सहा तास लोकांचे फोटो उतरवत होते, आणि प्रत्येक चेहऱ्याचं काम गळ्यापाशी आलं की माझा हात अडखळत होता.

मग एका सकाळी मोहनचा फोन आला. "मावशी, आईला हॉस्पिटलमधून घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, घरीच बरं." एवढ्यावरून जे समजायचं ते समजलं. मी पाटी तिथंच टाकली. एक वही आणि पेन्सिल पिशवीत घातली आणि निघाले.

अक्काला उशांना टेकवून बसवलेलं होतं. पलंगाशेजारी तिचं मशीन, त्याच्यावर चादर घातलेली. माझ्या हातातली वही बघून ती म्हणाली, "खाली ठेवायला काही आणलंस का?"

"नाही."

"मग बघ."

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. आणि बघितलं. मला लाज वाटते लिहायला, पण मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तिचा वरचा ओठ एका बाजूला किंचित उचललेला असतो, सुईला दोरा ओवताना दाताखाली धरून धरून झालेला. कपाळावर भुवयांच्या मधे दोन आठ्या, एक लांब, एक आखूड. श्वास घेताना गळ्याचा खळगा आत जायचा आणि परत वर यायला वेळ लागायचा. वळण आधी, सरळ रेघ मग, हे सगळं विसरलं. रेघेला रेघ मिळेना. डावा डोळा खाली घसरला. खरवडायला ब्लेड नव्हतं, आणि या कागदाला ब्लेड चाललंही नसतं. अर्ध्या तासानं तिनंच हात पुढे केला, "दाखव."

तिनं वही छातीशी धरून, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"डोळा खाली आलाय."

"हो."

"गळा पण तिरका झालाय." मग थोडा दम खाऊन म्हणाली, "पण ब्लाऊज आजचा आहे."

मला रडू आवरेना. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "उद्या ये. एका दिवसात माप कळत नाही."

मी पाच दिवस गेले. रोज नवं पान. एकही चित्र तिच्यासारखं आलं नाही. चौथ्या दिवशी मी तिला म्हटलं, "ती फ्रॉकची गोष्ट परत सांग ना." ती म्हणाली, "सांगितली की तुला." मी म्हटलं, "परत." तिनं डोळे मिटले, सुरुवात केली, चार वाक्यांनी धाप लागली. "उद्या सांगते," म्हणाली. पाचव्या दिवशी ती बहुतेक झोपूनच होती. मी झोपलेलीच काढली. सहाव्या दिवशी पहाटे मोहननं फोन केला.

दिवसकार्य झाल्यावर मोहननं विचारलं, "मावशी, आईचं चित्र तुम्ही काढलं होतं ना? फ्रेमला द्यायचंय." मी दोन्ही नेली. ते मोठं, पायपिंगवालं, आणि वहीतलं पहिल्या दिवसाचं पान. दोन्ही त्याच्यासमोर ठेवली. मला वाटत होतं, तो आईचा मुलगा आहे, त्याला कळेल.

मोहननं मोठं चित्र उचललं आणि त्याचे डोळे भरून आले. "हीच आई," तो म्हणाला. वहीचं पान त्यानं हळूच माझ्याकडे सरकवलं. "हे... यात ती फार आजारी दिसते, मावशी. आणि स्वल्प तिच्यासारखी नाही वाटत." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. केंपण्णा ज्या सुरात माझ्याशी बोलले होते, त्याच सुरात तो बोलला.

पाटी मी मृण्मयीला परत दिली. कुणी फोटो घेऊन आलं की मी म्हणते, माणूस असेल तर आणा, समोर बसू दे. बरेच जण परत येत नाहीत. शनिवारी मी पुन्हा त्या माडीवर जाते. सर आता नाहीत, त्यांची एक विद्यार्थिनी शिकवते. तांब्या तोच आहे. माझा अजून वाकडा येतो.

मोहनच्या घरी गेले की मला मुद्दाम भिंतीसमोर बसवतात. चंदनाचा हार, खाली उदबत्ती. येणारे-जाणारे म्हणतात, किती हुबेहूब, जणू आता बोलेल! मावशींनी काढलंय, अक्का समोर बसली होती म्हणे. मी मान डोलावते.

पण त्या चित्रात अक्का हसून बघते आहे ती लग्नात फोन धरून उभ्या असलेल्या मृण्मयीकडे. "मावशी, इकडे बघा," असं मृण्मयी म्हणाली असणार. मी त्या भिंतीसमोर कुठंही बसले, डावीकडे, उजवीकडे, अगदी मधोमध, तरी मला ठाऊक असतं की तिची नजर माझ्याकडे नाही. माझ्याकडे बघणारी अक्का माझ्या कपाटात, वहीच्या पहिल्या पानावर आहे. तिचा एक डोळा खाली घसरलाय, आणि ती वाट बघतेय की मी वर बघेन.